मदत हवी आहे : १/३२ स्पिटफायरच्या पंखातली फट बुजत नाहीये

निळाई :
दोन आठवडे झाले या पंखाने डोकं खाल्लंय. स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश फायटर, त्याचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल, खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं. किट स्वस्तातलं आहे, साचा जुना आहे हे माहीत होतं तरी घेतलं कारण मोठ्या स्केलचं एक तरी विमान करायचंच होतं. पंख बॉडीला जिथे मिळतो तिथे दोन्ही बाजूंनी फट आहे. पुटी भरली, सुकली, घासली, दुसऱ्या दिवशी बघते तर परत रेघ. असं तीनदा झालंय. कुठली पुटी वापरू तेवढंच सांगा, रविवारी रंगायला बसायचंय. प्लीज लवकर.

सँडपेपर८०० :
फट वरून आहे की खालून? किती मिमी? बॉडीचे दोन भाग जोडून झालेत का, कॉकपिट आत बसलंय का? पंख नुसता टेकवलाय की चिकटवलाय? फोटो टाका, असं अंदाजाने काय सांगणार.

मस्टँगवेडा :
भाऊ, एवढा त्रास होत असेल तर पुढचं किट पी-५१ मस्टँग घ्या. खऱ्या मस्टँगच्या पंखावर कारखान्यातच पुटी भरून, घासून वरून चंदेरी रंग मारायचे, हवा पंखावरून सुळकन जावी म्हणून. त्यामुळे मॉडेलवर पंखाचे बरेचसे रिव्हेट (पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांचे ठिपके) बुजवायचेच असतात, सगळे जपत बसावे लागत नाहीत.

निळाई :
ताई आहे मी. आणि दुसरं किट नकोय, आहे तेच पूर्ण करायचंय. फट फक्त वरच्या बाजूला, एक-दीड मिमी, खालून एकदम फिट. बॉडी जोडलीये, कॉकपिट आत आहे, पंख खालून पुढे-मागे चिकटवलाय. पुटी ट्यूबमधली, उग्र वासाची. नाव सांगा ना कुणीतरी.

छोटेखानी :
मी तर म्हणेन १/४८ वर या. १/३२ चं स्पिटफायर म्हणजे पंख ३५ सेंमी, १/२४ चं तर जवळजवळ ४७. ठेवणार कुठे? १/४८ मध्ये तेच विमान २३ सेंमीत बसतं, फटीही त्या मानाने लहान.

सँडपेपर८०० :
@छोटेखानी ठेवणार कुठे हे तिने विचारलंच नाहीये. मोठ्या स्केलची मजाच वेगळी, कॉकपिटमधली तरफ न तरफ रंगवता येते. एअरफिक्सने १९७० साली १/२४ चं स्पिटफायर काढलं, ते आजही लोक आवडीने बनवतात. साचा जुना म्हणजे वाईट असं काही नसतं, फक्त घाई चालत नाही.

झटपट :
पुटी सोडा, सुपरग्लू भरा. दहा मिनिटांत घासायला तयार, आकसत नाही.

सँडपेपर८०० :
दहा मिनिटांत घासला तर ठीक, रात्रभर राहिला तर प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना आजूबाजूचंच प्लास्टिक खरवडलं जातं. शिवाय कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरची पारदर्शक काच, बसवली असेल तर त्याच्या वाफेने काच धुरकट होते, मी एक अशीच घालवलीये.

पंखा_४ :
नाकात वजन घातलंय ना? नाहीतर मागे कलंडेल.

जुनाहात :
@पंखा_४ स्पिटफायर शेपटीच्या चाकावरच बसतं, त्याला वजन कशाला. ते पुढे चाक असलेल्यांना लागतं, पी-३८ वगैरे.
@निळाई, वरून फट आणि खालून फिट, म्हणजे हा पुटीचा प्रश्नच नाही. विमान समोरून डोळ्यांच्या पातळीवर धरून बघा. स्पिटफायरचे पंख टोकाकडे वर जातात, साधारण सहा अंश, १/३२ ला टोक मुळापेक्षा दीडएक सेंमी वर दिसायला हवं. तुमचे सपाट झालेत असं वाटतंय. पंखाचे वरचे-खालचे भाग जोडून सुकायला कसे ठेवले होते? आणि आत स्पार होता का?

निळाई :
टेबलावर ठेवून वर पुस्तकं ठेवली होती, नीट चिकटावेत म्हणून. स्पार म्हणजे ती लांब वाकडी पट्टी का? ती बाहेरून दिसत नव्हती म्हणून लावलीच नाही, अजून स्प्रूवरच (सुटे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले येतात त्यावरच) आहे.

जुनाहात :
मग सापडलं. ती पट्टी वाकडी नाही, तोच पंखाचा कोन आहे. आता ती आत जाणार नाही, पण पंखाचा मधला भाग, बॉडीच्या पोटाखालचा, अजून थोडा लवतो. आधी सगळी पुटी खरवडून काढा, नाहीतर फट मिटणारच नाही. मग मास्किंग टेप एका टोकापासून बॉडीवरून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून लावा, हळूहळू, दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातायत ना ते समोरून बघत. प्लास्टिक कुठे पांढरं पडायला लागलं की तिथेच थांबा. फट मिटली की पातळ गोंद ब्रशने सांध्यात सोडा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. तरी उरलीच तर पातळ प्लास्टिक शीटची चिरी कापून त्याच गोंदाने बसवा. प्लास्टिकला प्लास्टिक वितळून जुळतं, तुमची पुटी आतलं सॉल्व्हंट उडालं की आकसते, म्हणून रेघ परत यायची.

रंगारी :
मध्येच विचारतो, मार्क, म्हणजे विमानाची आवृत्ती, कुठला? पंख्याला पाती किती?

निळाई :
चार. बॉक्सवर मार्क ९ लिहिलंय. तपकिरी आणि हिरवा आणून ठेवलाय.

रंगारी :
युरोपातलं दिवसाचं फायटर करणार असाल तर तपकिरी परत करा. ऑगस्ट १९४१ पासून वरून हिरवा आणि ओशन ग्रे, खालून मीडियम सी ग्रे. मार्क ९ स्क्वाड्रनमध्ये आलं ते १९४२ च्या उन्हाळ्यात. १९४४ च्या नॉर्मंडी चढाईचे काळे-पांढरे पट्टे घ्यायचे असतील तर खरे १८ इंच रुंद होते, १/३२ ला १४ मिमीपेक्षा किंचित जास्त.

मस्टँगवेडा :
ते पट्टे मस्टँगवर जास्त उठून दिसतात पण.

निळाई :
टेप लावली. उजवीकडची फट पूर्ण मिटली!! डावीकडे केसाएवढी आहे, तिथे चिरी घालते. समोरून बघितल्यावर पहिल्यांदा ते स्पिटफायर वाटलं, इतके दिवस नुसतं विमान वाटत होतं. जुनाहात, खूप आभार. रविवारी रंग नाही, गोंद सुकू देते. कॅनपी अजून सुटीच आहे, ती कशाने चिकटवू?

जुनाहात :
पांढऱ्या गोंदाने. सुकला की पारदर्शक होतो, जास्त लागला तर ओल्या ब्रशने पुसता येतो. आणि डावी बाजू झाली की फोटो टाका.