चब माशासाठी गळाची मांडणी कशी ठेवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नदीतल्या चबसाठी गळ टाकतोय. पाणी नितळ, मासे पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या सावलीत. शिसं न लावता पावाचा तुकडा प्रवाहाबरोबर सोडला की वर येऊन बिनधास्त गिळतात, फार देखणा प्रकार! अडचण तळाशी आहे. रॉडचं टोक जरासं थरथरतं, झटका द्यावा तर गळ रिकामा.

सध्या ६ नंबरचा गळ, त्यावर चीजचा गोळा, ३० सेंमी तंगूस आणि वर शिशाचे दोन-तीन मणी. तंगूस लांबवू की शिसं कमी करू? थंड पाण्यात चीज कडक होतं, त्यामुळे गळाचं टोक गोळ्यातच अडकत असेल का? मग पावाचा गर बरा, की हेअर रिग (आमिष गळावर न खोचता गळाला बांधलेल्या बारीक दोऱ्यावर लावायची मांडणी)? फीडरच्या (दोरीला बांधून पाण्यात टाकायची चाऱ्याची छोटी जाळीदार डबी) आवाजाला चब बुजतात का, तेही सांगा.