किलोमीटरला एक रुपया? आधी स्लॅब सांगा!

कोथरूडकर (धागाकर्ता)
इलेक्ट्रिक गाडी घ्यायला गेलं की शोरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "घरी चार्ज करा सर, किलोमीटरला एक रुपया!" हा रुपया येतो कुठून? युनिटला सात रुपये दर आणि युनिटमागे सात किलोमीटर पल्ला धरला की येतो. आता महावितरणचं घरगुती बिल उघडा. दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यांनाच स्लॅब म्हणतात. पहिली १०० युनिटं स्वस्त. १०१ ते ३०० वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून ११ रुपयांच्या घरात. ३०० ओलांडली की १५च्या घरात. वर १६ टक्के वीज शुल्क, शिवाय इंधन समायोजन आकार जो काय असेल तो. स्वस्तातली युनिटं फ्रिज, गीझर आणि पंखे आधीच खाऊन बसलेले असतात. गाडीच्या वाट्याला वरचाच स्लॅब येतो.

आमचं घर गाडी नसताना महिन्याला अडीचशे युनिटं जाळायचं. हजार किलोमीटरसाठी मीटरवर साधारण १६० वाढतात. बॅटरीत त्यातली १४०-१४५च पोचतात, बाकीची चार्जर गरम होण्यात जातात. म्हणजे ५० युनिटं ११ने आणि ११० युनिटं १५ने: २,२०० रुपये, वीज शुल्कासह २,५५०. किलोमीटरला अडीच रुपये झाले. पेट्रोलपेक्षा स्वस्तच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तीनशेच्या पुढचं प्रत्येक युनिट मला घरी १७ रुपये ४० पैशांना पडतं, आणि ऑफिसशेजारच्या स्लो चार्जरवर जीएसटीसकट १६ला मिळतं. मग घरीच चार्ज करायचा हट्ट कशाला?

गंगापूररोडवाला
हिशोब चोख आहे, निष्कर्ष पटला नाही. तुम्ही तुलनेला स्लो चार्जर घेतलात. बाहेर चार्ज करणारे बहुतेक लोक झटपट चार्ज करणाऱ्या डीसी फास्ट चार्जरवर जातात. तिथे २२ रुपये दर दिसला की १८ टक्के जीएसटी धरून २६ पडतात. तुमचीच गाडी महिनाभर त्यावर चालवली तर पावणेचार हजार होतात. अडीच हजार कुठे आणि पावणेचार हजार कुठे!

आणि तो १६ रुपयांचा पॉइंट तुम्हाला रोज रिकामा मिळतो? आमच्याकडे एक गाडी सकाळी लागते ती संध्याकाळीच हलते. शिवाय प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं आणि वॉलेट वेगळं. एकात ८७ रुपये, दुसऱ्यात १४०, तिसऱ्यात किमान पाचशे भरा म्हणतात. हे अडकलेले पैसेही तुमच्या १६मध्ये मिळवा.

कोथरूडकर
रोज मिळत नाही, कबूल. मिळेल त्या दिवशी तिथे लावतो. माझा मुद्दा "घर म्हणजे स्वस्त" या सरसकट विधानाविरुद्ध आहे. आणि तुमच्या २६मध्येही एक गोम आहे. ग्रिडची वीज एसी, बॅटरीला लागते डीसी. डीसी चार्जरवर एसीचं डीसी करताना होणारी घट बहुतेक ठिकाणी स्टेशनवाल्याच्या माथी जाते, चार्जरच्या बंदुकीतून बाहेर पडलेलं युनिटच तो मोजतो. घरी ती माझ्या मीटरवर पडते.

वायरमन_नाना
तुम्ही दोघंही घरगुती मीटर धरून भांडताय. वीज नियामक आयोगाने २०१८मध्येच ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची वेगळी वर्गवारी केली आहे. तिला स्लॅबच नाहीत. अर्ज करा, वेगळं मीटर घ्या, विषय संपला.

जिन्याखालची
नाना, विषय तिथून सुरू होतो! आमचं मीटर रूम 'ए' विंगच्या जिन्याखाली आणि पार्किंग 'सी'च्या मागे. मधे आर्मर्ड केबल, पाइप, एमसीबीची पेटी, वेगळं अर्थिंग, आणि फरशी उकरायला सोसायटीचं ना-हरकत पत्र. कोटेशन आलं ३८ हजारांचं. वर वेगळ्या मीटरला स्थिर आकार आहेच, गाडी उभी असो की धावो. युनिटमागे सात-आठ रुपये वाचले तरी महिन्याला हजार-बाराशे, म्हणजे केबलचे पैसे निघायलाच तीन वर्षं. तोवर जागा बदलली तर केबल उपटून नेऊ?

मिरजेचा_बंगलेवाला
छपरावर तीन किलोवॉटचं सोलार टाका. किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिटं धरा. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजारांची सबसिडी मिळते. दिवसा ग्रिडला दिलेली युनिटं नेट मीटरिंगमध्ये वळती होतात. माझं बिल आता स्थिर आकारापुरतं येतं.

गिरगावकरीण
बंगलेवाले दादा, छप्पर आमच्या मालकीचं असतं तर या धाग्यावर आलेच नसते. इथे रस्त्याच्या कडेला गाडी लावायला जागा मिळाली तरी सण. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची का? माझे दीर ॲपवर इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतात, पूर्ण डीसीवर. त्यांना २६ रुपये युनिटपेक्षा रांगेतला पाऊण तास जास्त महाग पडतो, कारण तेवढ्यात एअरपोर्टची एक फेरी जाते. घरी १७ की बाहेर १६ हा वाद ज्यांना पार्किंग आहे त्यांचा. आमच्यासाठी तो १८ टक्के जीएसटीच खरा प्रश्न आहे. घरच्या विजेवर जीएसटी नाही आणि बाहेरच्या चार्जिंगवर आहे, म्हणजे ज्याच्याकडे जागा नाही त्यालाच कर जास्त.

गंगापूररोडवाला
ताई, यावर शंभर टक्के सहमत.

वायरमन_नाना
आणखी एक. जुलै २०२५पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ युनिटला ८० पैसे ते रुपयाची सवलत आहे. तीही हिशोबात धरा.

कोथरूडकर
नाना, ९ ते ५ गाडी ऑफिसात असते हो.

खजिनदार_डी_विंग
एवढं डोकं लावण्यापेक्षा आमच्यासारखं करा. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून पार्किंगमध्ये १५ अँपिअरचे सॉकेट दिले, प्रत्येकाला सब-मीटर, युनिटला सरळ १२ रुपये. घरच्याहून स्वस्त, बाहेरच्याहून स्वस्त. एकाही ईव्हीवाल्याची तक्रार नाही.

कोथरूडकर
त्यांची कशी असेल? तुमचं कॉमन मीटर घरगुतीच वर्गवारीतलं असणार, आणि लिफ्ट-पंप धरून महिना सुरू झाल्या झाल्या ५०० युनिटांच्या पुढे गेलेलं. तिथला दर माझ्या १५हूनही वरचा. तो भरून तुम्ही १२ने विकता. वरचा फरक मेंटेनन्समधून जातो, म्हणजे तळमजल्यावरच्या स्कूटरवाल्या आजोबांच्या खिशातून. पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांना हे सांगणार आहात का?