मे महिन्यात पाण्यावरचे पक्षी: साकोलीकडून एका दिवसात कुठं जावं?

लाखनीवाला:
राजेहो, जरा सल्ला पायजे. भाचा येतोय पुण्याहून सुट्टीत, दुर्बीण गळ्यातच असते त्याच्या, त्याला एक अख्खा दिवस तलावावर फिरवायचं आहे. आम्ही साकोलीजवळ, मोटरसायकल आहे. हिवाळ्यात नवेगावबांध ठरलेलंच असतं पण मेमधे तिथं काय दिसणार, पट्टकदंब आणि चक्रवाक तर कधीचे गेले. इटियाडोह धरणाला नेऊ का गावागावातले मामा तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने तलाव) धरू? नवतपा (मेअखेरचे नऊ भाजके दिवस) लागायच्या आत उरकायचं आहे. घरचे म्हणतात उन्हाळा डोक्यात गेला याच्या.

पाळीवरचा_बगळा:
मामा तलाव धरा भाऊ, डोळे झाकून. हिवाळ्यात पाणी सगळीकडं असते तं पक्षी पांगलेले राहतात, मेमधे बोड्या (लहान तळी) आटतात आणि जिथं डबकं उरलं तिथंच सगळे गोळा होतात, उघडचोच गोगलगाई शोधत चिखलात, बाजूला चित्रबलाक, शेकाटे, हळदी-कुंकू बदकं, संध्याकाळी अडई शिट्ट्या मारत. आणि आपले नेहमीचेच पक्षी आता नटलेले असतात हे लोक विसरतात, हिवाळ्यात मळकट दिसणारा वंचक पाठीवर तांबूस-जांभळा होतो, गायबगळ्याचं डोकं नारिंगी, कमळपक्ष्याला लांब शेपूट फुटते. जिथं ढिवर लोक शेवटच्या पाण्यात जाळं ओढतात तिथं जा, बगळे तिथंच असतात. मात्र बेशरमच्या झुडपांनी भरलेला तलाव टाळा, त्यात जांभळ्या पाणकोंबडीशिवाय काही दिसत नाही.

साडेपाचला तलावाच्या पाळीवर (बांधावर) पायजे. सकाळी तलावाच्या पूर्वेकडून बघायचं म्हणजे सूर्य पाठीशी राहतो, नाहीतर पोराला सगळे पक्षी काळेच दिसतील. नऊला घरी, मग साडेचारनंतर दुसरा तलाव. मधल्या वेळात झोपा.

धरणकाठ:
बगळेभाऊंचं बरोबर आहे पण फोटो काढायचे असतील तर मोठं धरणच. पाणी उतरलं की मधली बेटं उघडी पडतात, नदी सुरय आणि आर्ली अशाच ठिकाणी अंडी घालतात. एखाद्या डोंगावाल्याला (नाववाल्याला) पैसे देऊन बेटावर उतरा, पाच-सात फुटावरून फोटो मिळतो.

गोंदियाची_टिटवी:
डोंग्याचं काम नको प्लीज. ही अंडी उघड्या रेतीवर असतात, पंचेचाळीस डिग्रीत. मायबाप ऊब द्यायला कमी आणि सावली धरायला जास्त बसतात, मधून पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतात. तुम्ही बेटावर फोटो काढत फिरता तेवढा वेळ ते वरून ओरडत फिरणार, अंडी उन्हात भाजणार, नाहीतर कावळा नेणार. तसंही कालव्याला पाणी सोडलं की बेट काठाला लागतं आणि कुत्रे, गुरं आत घुसतात, आपण अजून कशाला भर घालायची. काठावरूनच बघा, सुरय मासा धरायला सूर मारतो ते दुर्बिणीतून मस्त दिसतं. टिटवी अंगावर आली तर समजायचं अंडी जवळ आहेत, आल्या पावली मागं फिरायचं. तिनं अंडी उंचावर घातली का खोलगट जागेत, यावरून म्हातारे पावसाचा अंदाज सांगतात, भाच्याला एखाद्या आजोबाजवळ बसवा, मजा येईल.

धरणकाठ:
ठीक आहे, पॉइंट मान्य. पण पाऊस सुरू झाला की बेटं बुडतातच ना, तेव्हा काय?

गोंदियाची_टिटवी:
म्हणून तर घाई असते त्यांना. पिल्लं त्याच्या आत उडायला पायजे.

लाखनीवाला:
डोंगा कॅन्सल. सकाळी आमच्याकडचे दोन मामा तलाव, संध्याकाळी नवेगावबांध. सारस दिसेल का? पोराचं सगळं लक्ष तिकडंच आहे, कुठल्या गावाकडं जाऊ?

पाळीवरचा_बगळा:
त्यासाठी गोंदिया तालुक्याकडं वेगळा दिवस काढा. गाव इथं नाही लिहिणार, सारसाच्या जोडीमागं गाड्या लागतात मग. तिकडं गेल्यावर शेतकऱ्यालाच विचारा, पहाटे कोणत्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) उतरते त्याला पक्कं ठाऊक असते, उन्हाळी धान असला तर तिथंच. आणि दुपट्टा, ताक घ्या, खिशात कांदा ठेवा, पुण्याच्या पोराला आपलं ऊन नवीन आहे.