टावीनंतरची (नळीवाटे महाधमनीची नवी झडप बसवल्यानंतरची) गळती : इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) मध्यम, एमआरआयवर २४ टक्के. काय धरायचं?

ध्वनीलहरी : २६ मिमीचा सेल्फ-एक्स्पांडिंग (आपोआप उघडणाऱ्या जाळीचा) व्हॉल्व्ह, महिनाभरानंतरची तपासणी. इकोच्या शॉर्ट ॲक्सिसमध्ये (आडव्या छेदात) व्हॉल्व्हच्या कडेने गळतीचे दोन जेट (झोत). दोन्हींचे कंस मिळून घेराच्या १२ टक्के, म्हणजे व्हार्कच्या (झडपांच्या निकालांचे निकष ठरवणाऱ्या गटाच्या) कोष्टकात मध्यम. पीएचटी (प्रेशर हाफ टाइम, झडपेच्या दोन बाजूंचा दाबफरक निम्म्यावर यायला लागणारा वेळ) ३१० मिलिसेकंद. एमआरआय फेज कॉन्ट्रास्टवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या स्कॅनवर) दर ठोक्याला पुढे ७५ मिलि, मागे १८ मिलि, म्हणजे २४ टक्के. ३० टक्क्यांच्या खाली म्हणून सौम्य. रिपोर्टमध्ये काय लिहावं?

चुंबककक्ष : आधी एमआरआयचाच आकडा तपासा. स्लाइस कुठे घेतली? ती फ्रेमच्या (व्हॉल्व्हच्या धातूच्या जाळीच्या) वरच्या टोकाच्या लगेच वर आणि महाधमनीला काटकोनात हवी. फ्रेममधून गेली तर धातू सिग्नल खातो. पण या व्हॉल्व्हची फ्रेम उंच, त्यामुळे स्लाइस झडपेच्या पानांपासून लांब जाते. डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा) पानं आणि स्लाइस यांमधला महाधमनीचा भाग आकसतो, गळतीतलं काही रक्त तिथूनच येतं आणि स्लाइस ओलांडतच नाही. म्हणून गळती कमी दिसते. उलट कोरोनरीकडे (हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे) जाणारं रक्त गळतीत मोजलं जातं.

खरा घोटाळा बॅकग्राउंड ऑफसेटचा, म्हणजे यंत्रामुळे वेगाच्या मोजणीत येणाऱ्या कायमच्या खोटीचा. महाधमनी ३२ मिमीची धरा, क्षेत्रफळ सुमारे ८ चौ. सेंमी. उलट दिशेने सेकंदाला फक्त १ सेंमीची खोट असली, तरी अर्ध्या सेकंदाच्या डायस्टोलमध्ये ४ मिलि खोटी गळती जमते आणि ०.३ सेकंदाच्या सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावतं तेव्हा) पुढचा प्रवाह २.४ मिलिने घटतो. ती काढली की तुमचे १८/७५ होतात १४/७७.४, म्हणजे १८ टक्के. खोट दुसऱ्या दिशेची असेल तर २२/७२.६, थेट ३० टक्के! रुग्ण उतरताच जेलचा फँटम (स्थिर चाचणी-नमुना) ठेवा, ईसीजी सिम्युलेट करून तोच सिक्वेन्स, तेच कोन, तोच वेन्क (मोजता येणाऱ्या वेगाची कमाल मर्यादा) चालवा आणि तिथे दिसलेला वेग वजा करा. स्लाइस मॅग्नेटच्या मध्यावर आणा. वेन्क सेकंदाला २०० सेंमीने सुरू करा, अलायसिंग (मर्यादेपलीकडचा वेग उलट्या दिशेचा दिसणं) दिसलं तरच वाढवा. उगाच ४०० ठेवला तर डायस्टोलचा मंद प्रवाह नॉइजमध्ये बुडतो.

पडताळा म्हणून सिनेवरून (एमआरआयच्या हलत्या चित्रांवरून) एलव्ही आणि आरव्हीचा (डाव्या आणि उजव्या व्हेंट्रिकलचा) स्ट्रोक व्हॉल्यूम (एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त) काढा. इतर व्हॉल्व्ह गळत नसतील तर फरक १८ मिलिच्या आसपास यायला हवा.

पॅरास्टर्नल : १२ टक्क्यांच्या जोरावर मध्यम लिहू नका. २६ मिमी पूर्ण उघडला धरला तर घेर ८२ मिमी. १० आणि १२ टक्क्यांत दीड-दोन मिमीचा फरक, गेन (चित्राचा उजळपणा) वाढवला की तोही संपला. इकोचा छेद फ्रेमच्या खालच्या कडेवर होता का? त्याहून वर असेल तर फ्रेम आणि सायनसच्या (महाधमनीच्या मुळाच्या फुगवट्याच्या) मध्ये घोळणारं रक्तही जेट वाटतं. जेट खाली व्हेंट्रिकलमध्ये उतरताना दिसेपर्यंत स्वीप करा. कंस वेगवेगळे मोजा, मधली कोरडी जागा धरू नका. पॅरास्टर्नलमधून (छातीच्या हाडाशेजारून) मागची बाजू सावलीत जाते, ती एपिकलमधून (हृदयाच्या टोकाकडून) पाहा.

पीएचटी इथे सोडून द्या. या वयातलं कडक एलव्ही सौम्य गळतीतही तो कमी करतं.

कॅथलॅब : ३० टक्क्यांची सीमा मुळात इकोच्या आकड्यांवर बेतलेली आहे. एमआरआयचा आकडा बऱ्याचदा कमी येतो, म्हणून काही ठिकाणी तिथे सौम्यची हद्द २० टक्क्यांवर धरतात. ऑफसेट काढूनही २४ राहिले तर "सौम्य ते मध्यम" लिहा, शेजारी आकडे द्या. एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोके) असेल तर आकड्यावर फार विसंबू नका.

ध्वनीलहरी : फँटम चालवला नव्हता. म्हणून आता एलव्हीओटी वजा आरव्हीओटी (डाव्या आणि उजव्या व्हेंट्रिकलच्या बाहेर जाणाऱ्या वाटांमधल्या प्रवाहांचा फरक, म्हणजे गळती) इकोवर काढायचं आहे. एलव्हीओटीचा व्यास फ्रेमच्या आतून की बाहेरून?

पॅरास्टर्नल : खालच्या कडेशी, बाहेरून बाहेर. पल्स डॉप्लरचा सॅम्पल (वेग मोजण्याचा बिंदू) फ्रेमच्या लगेच खाली. आत सरकला तर प्रवाह वेगावलेला मिळतो आणि गळती फुगते. व्यासात १ मिमीची चूकही महागात पडते : व्हीटीआय (एका ठोक्यात रक्त जितकं सरकतं ते अंतर) २२ सेंमी असताना व्यास २२चा २३ मिमी धरला तर स्ट्रोक व्हॉल्यूम ८४वरून ९१ मिलि होतो, आणि ते ७-८ मिलि सगळे गळतीच्या खात्यात जातात.