शिकागोतल्या बाल्बोचं नाव पुसावं का?

भटका_पक्षी
शिकागोत सोल्जर फील्ड या स्टेडियमजवळ इटलीतल्या ओस्तियाहून आणलेला एक रोमन खांब आहे. रविवारी फिरताना थांबलो. पायथ्याची अक्षरं झिजलीत, तरी मुसोलिनीचं नाव आणि फॅसिस्ट कालगणनेतलं 'अकरावं वर्ष' लागतं. ही भेट मुसोलिनीचा फॅसिस्ट साथीदार आणि हवाई खात्याचा प्रमुख इटालो बाल्बो याच्या उड्डाणाची आठवण म्हणून आलेली. जुलै १९३३ मध्ये इटलीतल्या ओर्बेतेल्लोहून निघून त्याच्या २४ सागरी विमानांचा ताफा मिशिगन सरोवरात उतरला. लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडून तेव्हा सहाच वर्षं झाली होती! शहरातल्या रस्त्याला अजून बाल्बोचं नाव आहे आणि ते काढा अशी मागणी होत असते. माझं मत, राहू द्या. हिटलरशी युती आणि १९३८ चे ज्यूंविरुद्धचे वंशकायदे, दोन्हींना त्याने मुसोलिनीच्या तोंडावर विरोध केला होता.

कडू_काढा
आणि त्याआधीचं? इटलीतल्या फेरारात जमीनदारांच्या पैशावर काळ्या डगल्यांची फॅसिस्ट टोळी कोणी चालवली? शेतमजुरांच्या संघटना मोडायच्या, पुढाऱ्यांना पकडून घशात एरंडेल ओतायचं, हा त्यांचा रोजचा धंदा. १९२२ च्या जुलैत राव्हेन्ना ते फोर्ली रात्रभर समाजवाद्यांच्या इमारती जाळत गेला आणि पुढे स्वतःच्या रोजनिशीत ते मिरवलंसुद्धा. मुसोलिनीला सत्तेवर आणणाऱ्या रोमवरच्या मोर्चाच्या चार म्होरक्यांपैकी हा एक. ऑगस्ट १९२३ मध्ये अर्जेंताचे पाद्री दॉन मिंझोनी यांना त्याच्याच भागातल्या फॅसिस्टांनी डोकं फोडून मारलं. त्या प्रकरणावरून बाल्बोने एका वर्तमानपत्रावर बदनामीचा खटला भरला, तो हरला आणि मिलिशियाचं, म्हणजे फॅसिस्टांच्या सशस्त्र दलाचं, प्रमुखपद सोडावं लागलं.

पंखा_तिरका
राजकारण बाजूला ठेवून विमानाबद्दल बोलू का? साव्होया-मार्केत्ती एस-५५ म्हणजे दोन होड्यांवर एक जाड पंख. वैमानिक बसायचे त्या पंखातच, मधोमध. डोक्यावर दोन इंजिनं, एक ओढणारं, एक ढकलणारं. असली २४ धुडं रांग धरून आणायची तर महिनोन् महिने सराव लागतो, आणि तो त्याने करून घेतला. मोठ्या ताफ्याला ब्रिटिश वैमानिकसुद्धा 'बाल्बो' म्हणायला लागले ते उगाच नाही.

कडू_काढा
सराव मान्य. पण हवाई खातं १९२६ पासून १९३३ पर्यंत त्याच्याच हातात होतं. उड्डाणाची जत्रा झाली झकास, आणि १९४० साली इटली युद्धात उतरली ती उघड्या कॉकपिटची द्विपंखी फियाट लढाऊ विमानं घेऊन.

भटका_पक्षी
तेव्हा तो इटलीच्या ताब्यातल्या लिबियात गव्हर्नर होता हो. शिकागोत एवढी वाहवा झाली की मुसोलिनीला खुपली, आणि याला वाळवंटात धाडलं. नंतरच्या सात वर्षांचा हिशेब त्याच्या नावावर कशाला?

वाळूची_घड्याळं
लिबियाचा हिशेब तरी मांडा मग. पूर्व लिबियातल्या सायरेनाइकातल्या कोंडवाड्यासारख्या छावण्या त्याच्या आधीच्या, हे खरं. पण ज्या मुलखातल्या टोळ्यांना तिथे कोंडून मारलं, त्याच मुलखात १९३८ साली त्याने बोटी भरभरून इटालियन शेतकरी उतरवले. एकूण सुमारे २०,००० माणसं. आणि ज्यूंचा कैवारी? शनिवारी दुकानं बंद ठेवली म्हणून १९३६ मध्ये त्रिपोलीत त्याने ज्यूंना चारचौघांत फटके मारवले. वंशकायद्यांना विरोध केला म्हणून तो सज्जन ठरत नाही, थोडा कमी वाईट ठरतो.

बाकावरचा
मेला कसा ते कोणीच सांगेना. २८ जून १९४०, तोब्रुक. ब्रिटिश हल्ला नुकताच होऊन गेलेला, तेवढ्यात याचं विमान उतरायला आलं आणि इटालियन तोफांनीच पाडलं. मुसोलिनीने मारवलं, ही वावडी तेव्हापासून उडते. मला पटत नाही. घाबरलेले तोफची पुरेसे असतात.

पंखा_तिरका
२०१८ मध्ये शिकागोत हाच रस्ता कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या नावाने करायचं चाललं होतं. इटालियन-अमेरिकन मंडळी अडून बसली. शेवटी वेल्सबाईंना काँग्रेस पार्कवे हा दुसरा रस्ता दिला आणि बाल्बो तसाच राहिला.

कडू_काढा
इटलीत मात्र गावोगावी 'व्हिया दॉन मिंझोनी', म्हणजे त्या पाद्र्याच्या नावाचा रस्ता, सापडतो.

भटका_पक्षी
हे माहीत नव्हतं. तरी खांब हलवू नका म्हणेन. रस्त्याचं बघा तुम्ही, मी आता तेवढा अडून बसणार नाही.