नवी क्रेटा एन लाइन की अडीच वर्षांची टायगन जीटी? रोजचा रस्ता पांदणीचा

दिग्रसवाला

नमस्कार मंडळी. गाव दिग्रस तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरात आम्ही दोघं, आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा. रोज तालुक्याला जाऊन-येऊन १८ किमी, त्यात दोन किमी पांदण, म्हणजे शेतातला कच्चा रस्ता. महिन्यातून एक-दोनदा दारव्हा-कारंजा करून समृद्धी महामार्गानं नागपूर. वर्षाचं रनिंग १५ हजार किमीच्या आसपास होईल.

बजेट ऑनरोड १८ लाख, त्यातलं १० लाख कर्ज. गाडी कुटुंबाचीच हवी, पण चालवायला दमदार हवी. दोन पर्याय समोर आहेत. एक, ह्युंदाईची नवी क्रेटा एन लाइन, १.५ टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. दोन, फोक्सवॅगनची टायगन जीटी १.५ टीएसआय डीएसजी (टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक गिअर), मे २०२३ ची, एमएच ३१, एक मालक, २६ हजार किमी, मागणी साडेबारा लाख. पैसे वाचतात म्हणून मन टायगनकडे ओढतं. घ्यावी का? घ्यायची तर काय काय पाहावं?

हिशेबी_अमरावती

आधी आकडे मांडू, कारण साडेबारा आणि अठरा यांच्यातला फरक दिसतो तेवढा नाही.

नव्या गाडीची एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विम्याआधीची किंमत) १६ लाख धरा. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख ९२ हजार. विमा ६० ते ६५ हजार. १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विकणारा आगाऊ घेतो तो आयकर), म्हणजे १६ हजार. तो विवरणपत्र भरलं की परत मिळतो. उत्पन्न फक्त शेतीचं आहे म्हणून विवरणपत्र न भरणारे हे पैसे सोडून देतात, तसं करू नका. बेरीज पावणेएकोणीस लाखांच्या जवळ जाते. म्हणजे १८ लाखांच्या बजेटात एक्स-शोरूम सव्वापंधराच्या वर जायलाच नको. कोटेशन हातात घेऊन हे एकदा तपासाच.

आता जुनीचा भाव. विकणारा २०२३ चं बिल दाखवेल. ते बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या गाड्यांवरचा एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला. त्याची एक्स-शोरूम जुन्या करासकट आहे, तो जास्तीचा कर तुम्ही का भरायचा? तुलना नेहमी त्याच मॉडेलच्या आजच्या किमतीशी करा. विमा कंपन्या दोन ते तीन वर्षांच्या गाडीची घसरण ३० टक्के धरतात. आजची एक्स-शोरूम १८ लाख असेल तर ३० टक्के वजा जाता १२ लाख ६० हजार. म्हणजे साडेबारा ही मागणी रास्त आहे, स्वस्त मुळीच नाही. साडेअकराच्या आत आली तरच तिला स्वस्त म्हणा.

कर्जाचंही पाहा. जुन्या गाडीला व्याज दोन-चार टक्के जास्त लागतं. १० लाख, पाच वर्षं: ९ टक्क्यांनी हप्ता २०,७५८ आणि १२ टक्क्यांनी २२,२४४. पाच वर्षांत ८९ हजारांचा फरक पडतो. जुनी घेणार असाल तर कर्ज कमी काढा, तरच ती परवडते.

इंधनाचं सांगायलाच हवं. टर्बो पेट्रोलला मिश्र वापरात १२ चं मायलेज धरलं, तर १५ हजार किमीला १,२५० लिटर. लिटर १०५ धरलं तर सव्वा लाखाच्या वर. साध्या क्रेटाचं १.५ डिझेल १७ देत असेल तर ८८२ लिटर, ९२ च्या भावानं ८१ हजार. वर्षाला ५० हजार वाचतात. रोजच्या नऊ-नऊ किलोमीटरमध्ये डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो ही भीती खरी, पण महिन्यात दोन वेळा समृद्धीवर तासभर एकसारखी चालणार असेल तर तो साफ होत राहतो. दमदार पेट्रोलच हवं असेल तर घ्या, फक्त हा खर्च मान्य करून घ्या.

गॅरेज_पुसद

दिग्रसवाले भाऊ, दोन किलोमीटर पांदण हाये नं, मंग पयले गाडीच्या खालून पाहा, बोनेट मांगून. क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, कागदावर क्रेटाचा १९० मिलिमीटर, टायगनचा १८८. थो रिकाम्या गाडीचा आकडा असते. पाच माणसं बसली अन् डिक्कीत पोतं टाकलं का तीसेक मिलिमीटर खाली येते. ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीच्या मधात जो उंच पट्टा रायते, थोच पोटाले घासते. एक चाक त्या पट्ट्यावर ठेवून चालवाची सवय लावा.

जुनी पायतानी लिफ्टवर चढवा अन् खालचं प्लास्टिकचं कव्हर काढाले लावा. कव्हर न काढता 'सब ठीक हाये' म्हणणाऱ्यावर भरोसा ठेवू नोका. ऑइल सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं) दबला का, त्याच्या कडीले ओल हाये का, सबफ्रेमचे (इंजिनखालच्या लोखंडी चौकटीचे) बोल्ट खोलल्याच्या खुणा हायेत का, ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) रबरी बूटले चीर हाये का, एवढं पाहा. बूट फाटला का ग्रीस बाहेर अन् माती आत, मंग वळणावर कटकट आवाज येते. रेडिएटरच्या समोरच्या जाळीत माती-कचरा दाबून बसला असन तं उन्हाळ्यात एसी थंडा करत नाही, अन् आपल्याकडे पारा ४५ पार जाते.

दुसरं टायर. एन लाइनले २१५/५५ आर १८ (शेवटचा आकडा रिमचा, इंचात), म्हणजे टायरची भिंत ११८ मिलिमीटर. टायगन जीटीले २०५/५५ आर १७, थे ११३. दोन्ही पातळ. मुरुमाच्या टोकदार दगडावर बाजूची भिंत फुगते, रिमले डेंट पडते. भिंतीले फुगा आला का टायर बदलाच, त्याले पंक्चरवाला काई करू शकत नाही. माझं सरळ मत, इंजिन दमदार घ्या, पण मोठ्या रिमच्या नादी लागू नोका. एन लाइनले २१५/६० आर १७ घातले तं भिंत १२९ होते अन् पूर्ण चाकाचा व्यास फक्त चार मिलिमीटरनं कमी, मीटरले फरक पडत नाही. टायगनले २०५/६० आर १६ घातले तं भिंत १२३. रिम ब्रेकच्या कॅलिपरले (पकडीले) लागत तं नाही, थे आधी चढवून पाहा, अन् विम्यात बदल कळवून ठेवा.

पावसाळ्यात काळी माती रिमच्या आतून चिकटते अन् ८० च्या वर स्टिअरिंग थरथरते. लोकं लगेच बॅलन्सिंगचे पैसे मोजतात. आधी रिम आतून पाण्यानं धुवा, अर्ध्या वेळा तेवढ्यानंच थांबते. गाडी ढेपेच्या पोत्याजवळ उभी ठेवू नोका, उंदीर वायरिंग खाऊन टाकते. नव्या गाडीचा हार्नेस (वायरींचा जुडगा) जोडण्यापेक्षा बदलाले लय महाग पडते.

दिग्रसवाला

दोघांचेही आभार. टायगनवाल्यांचं घर नागपुरात आहे, गाडी पहिल्यापासून तळघराच्या पार्किंगमध्ये राहिली असं ते सांगतात. सर्व्हिस सगळी कंपनीत झालेली. डीएसजीबद्दल उलटसुलट ऐकतो. चालवून पाहताना नेमकं काय तपासायचं? आणि मागच्या सीटवर आई-बाबा आणि मुलगा नीट मावतील ना?

समृद्धी_वर्धा

तळघर म्हटल्याबरोबर एक गोष्ट आधी तपासा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि तळघरांतल्या पुष्कळ गाड्या बुडाल्या. तुमची गाडी तेव्हा चार महिन्यांची होती. ती बुडालीच असं नाही, पण तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. पाचही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागावर गाळाची आडवी रेघ आहे का पाहा. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांचे बोल्ट, पेडलच्या वरच्या बाजूचं लोखंड यांवर गंज नको. कार्पेट कोपऱ्यातून उचला आणि खालचा फोम दाबा. धुऊन-सुकवून ठेवलेल्या गाडीतही हेडलाइटच्या आत वाफ धरलेली असते. शिवाय विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मालकालाच मागवायला सांगा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी गाडी शोधा.

आता डीएसजी. टायगनच्या १.५ मध्ये सात गिअरची कोरड्या क्लचची पेटी आहे. कोरडा क्लच तेलात नसल्यानं थंड व्हायला वेळ घेतो. ऊस-कापसाच्या ट्रॉलीमागे रांगत जाणं, चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं, पांदणीतल्या चिखलात पुढे-मागे करून गाडी काढणं, या तिन्ही गोष्टी त्याला तापवतात. म्हणून थंड गाडीची चाचणी पुरेशी नाही. अर्धा तास गर्दीत रांगत चालवा, मग सपाट जागी ब्रेक हळूच सोडा. गाडी थरथरत निघाली तर क्लच घासलेला आहे. नंतर चढावर रिव्हर्समध्ये घ्या. तिथे धक्का लवकर कळतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खडखड आणि डॅशबोर्डवर पान्याचं किंवा गिअरचं चिन्ह आलं तर मेकॅट्रॉनिक युनिटचा (गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचा) संशय घ्या. वॉरंटीबाहेर ते लाखांत जातं. या गाडीची मूळ वॉरंटी चार वर्षं किंवा एक लाख किमी, म्हणजे मे २०२७ पर्यंत आहे. वाढीव वॉरंटी मूळ मुदत संपायच्या आतच घ्यावी लागते, तिचा खर्च भावात धरा.

स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय सौदा करू नका. कंट्रोल युनिट्समधल्या नोंदींवरचे किलोमीटर आणि मीटरवरचा आकडा जुळला पाहिजे. सगळे एरर नुकतेच पुसलेले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या स्कॅनरवर 'अपूर्ण' दिसतात. अशा वेळी ७०-८० किमी चालवून पुन्हा स्कॅन करा. रंगाची जाडी मापकानं घ्या. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर ३०० लागले तर खाली पुटी आहे. टायरवरचे चार आकडे वाचा: ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. २६ हजारांवर चारही टायर नवे असतील तर कारण विचारा.

बसण्याचं सांगतो, कारण यावरच बरेचजण नंतर पस्तावतात. टायगनमध्ये मागे दोन मोठी माणसं आरामात बसतात, तिसरा मुलगा लहान आहे तोवर चालेल. तो मोठा झाला की खांदे घासतील. क्रेटाची मागची सीट रुंद आहे आणि डिक्कीही ४३३ लिटर, टायगनची ३८५. उलट टायगनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत मोठी माणसं आणि मुलं दोन्हींसाठी पाच तारे मिळाले, ही तिची मोठी जमेची बाजू. आई-बाबांना दोन्ही गाड्यांत मागे बसवून तासभर फिरवा. गुडघे दुखत असतील तर सीटची उंची आणि दाराचा उंबरठा यांचा निर्णय त्यांनाच करू द्या.

समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि सिमेंटच्या रस्त्यावर तास-दोन तास त्याच वेगात टायर तापतात. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. पाच माणसं आणि सामान असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी करतात ती चूक. कमी हवेनंच भिंत जास्त मुडपते, तापते आणि फुटते. उतरल्यावर टर्बो इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या.

कागदपत्र_अकोला

कागदांचं थोडक्यात. गाडी महाराष्ट्राचीच आहे, त्यामुळे रोड टॅक्स पुन्हा नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. बोजा उतरल्याचं परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर दिसेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. प्रलंबित चलनंही पाहा. समृद्धीवर गेलेल्या गाडीवर वेगाची चलनं सापडतात.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्याचा फरक भरावा लागतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा तीन वर्षांचा असतो, म्हणजे या टायगनचा मे २०२६ पर्यंत असेल. ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचं) मात्र दरवर्षीचं, ते चालू आहे का बघा. नवी-जुनी कुठलीही घ्या, विम्यात इंजिन प्रोटेक्टची जोड घ्याच. नाल्याच्या पुलावर पाणी इंजिनात गेलं तर साधा विमा ते भरत नाही, आणि बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा स्टार्ट केली तर क्लेम अडकतो.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हची एन लाइन काढायला असतील तर तीही विचारून ठेवा. किलोमीटर कमी असतात, पण थंड इंजिन रेटणारे हात खूप लागलेले असतात. आणि ती शोरूमच्या नावावर असल्यानं तुम्ही दुसरे मालक ठरता, वॉरंटीही पहिल्या नोंदणीपासून मोजतात. आजच्या ऑनरोडपेक्षा १५ टक्के तरी खाली मिळाली तरच घ्या.

दिग्रसवाला

टायगन रविवारी लिफ्टवर चढवायचं ठरलं आहे, स्कॅनरवाल्यालाही बोलावलं. क्लेमचा इतिहास मागितला आहे. तो आला नाही किंवा भाव साडेअकराच्या आत आला नाही, तर कोटेशन बजेटात बसतं का पाहून एन लाइन मॅन्युअल १७ च्या रिमवर घेतो. गॅरेजवाले भाऊ, १८ ची रिम शोरूमवाले परत घेतात का?

गॅरेज_पुसद

बहुतेक घेत नाहीत. डिलिव्हरीच्या दिवशीच, शंभर किलोमीटरच्या आत, टायरसकट इका. कोऱ्या सेटले गिऱ्हाईक लवकर भेटते, त्यातून १७ च्या सेटचे बरेच पैसे निघतात. एक रिम मात्र घरी ठेवा असं कोणी म्हणन, थे ऐकू नोका. तीन रिमचा सेट कोणी घेत नाही.