हाउर्स : नऊ घोडे झाले, इक्वस संपले. नवख्याने कुठून सावरायचं?

हर्षूचे_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे. महिनाभर झाला, आम्ही दोघं मिळून हाउर्स हा घोडे पाळायचा ऑनलाइन गेम खेळतोय. म्हणजे खेळते ती, मी शेजारी बसून इंग्रजी वाचून दाखवतो. सुरुवातीला मिळालेल्या पैशांत तिने दिसेल तो देखणा घोडा घेतला. आता नऊ झालेत, त्यात दोन शिंगरं, आणि खात्यात उरलेत १४० इक्वस, म्हणजे गेममधले पैसे. चार घोड्यांची सेंटरमधली, म्हणजे भाड्याच्या पागेतली, मुदत संपली. बाकीच्यांची एनर्जी थोडं फिरवलं की तळाला जाते. कशातच नंबर येत नाही. खऱ्या पैशांनी मिळणारे पास विकत घेऊ या, म्हणून ती मागे लागली आहे.

काल झोपताना विचारलं, "बाबा, आपले घोडे म्हातारे होतील ना?" मला काही सांगता आलं नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

निळी_खाडी

पैसे देऊन पास घेऊ नका, निदान पहिले सहा महिने तरी. पासाने वस्तू मिळतात, खेळ समजत नाही. आणि फोनला कार्ड जोडलेलं असेल तर आजच काढून टाका.

तापीकाठ

हर्षूचे बाबा, आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. होय, घोडे म्हातारे होतात. पण आपला एक दिवस म्हणजे घोड्याचे दोन महिने, म्हणजे त्याचं एक वर्ष आपल्या सहा दिवसांचं. आज जन्मलेलं शिंगरू वीस वर्षांचं व्हायला चार महिने लागतात. तेवढा सहवास पुष्कळ आहे, असं तिला सांगा.

आता पागेचं. नऊतले दोनच ठेवा, बाकीचे विक्रीला लावा. हर्षू रडेल, माहीत आहे. पण प्रत्येक घोड्यामागे सेंटरचं भाडं आहे, वैरण आहे, आणि तुमची रोजची पाच-दहा मिनिटं आहेत. कमाई मात्र सगळेच करत नाहीत. शिंगरू आठ महिन्यांचं झालं की त्याला खेळवता येतं, दीड वर्षाचं झालं की फिरायला नेता येतं, ट्रेनिंग दोन वर्षांनंतर आणि स्पर्धा तीन वर्षांनंतर. तीन वर्षं म्हणजे आपले १८ दिवस. तोवर ते फक्त खातं. म्हणून ठेवायच्या दोघांपैकी एक तरी तीन वर्षांपुढचा असू द्या, तोच घर चालवेल.

कोणते दोन ठेवायचे? मी शहाद्याची. आमच्या जवळ सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. लहानपणी वडिलांचं बोट धरून जायचे. वडील आधी दात बघायचे, मग वाकून चारी पायांवरून हात फिरवायचे, मग मालकाला म्हणायचे, "जरा चालवून दाखव." रंगाचा विषय त्यानंतर. गेममध्येही तसंच करा. घोड्याच्या पानावर सहा गुण दिसतील : स्टॅमिना, स्पीड, ड्रेसाज (तालबद्ध चाली), गॅलप (चौखूर धाव), ट्रॉट (दुडकी चाल), जंपिंग. त्याचं जेनेटिक पोटेन्शियल, म्हणजे जन्मजात कुवत, बघा आणि कोणते तीन गुण ठळक अक्षरांत आहेत ते बघा. ते तीन त्याचे जन्मजात. ट्रॉट, स्पीड आणि ड्रेसाज ठळक असतील तर तो दुडक्या चालीच्या शर्यतीचा घोडा, त्याला उड्या शिकवत बसू नका. हर्षूने बहुतेक सगळ्यांना सगळं थोडंथोडं शिकवलं असणार, म्हणून नंबर येत नाही. आधी ते तीन गुण पूर्ण करा, बाकीचे नंतर.

एनर्जीचं गणित एका घोडीवरून सांगते. माझी जास्वंद, तांबडी मारवाडी घोडी, कानांची टोकं एकमेकांकडे वळलेली. सकाळी गॅसवर चहा ठेवते आणि तिचं पान उघडते. पाण्याने एनर्जी वाढते, खराऱ्याने तब्येत, थोपटल्याने मोराल, म्हणजे मनाची उभारी. वैरणीच्या पट्टीवर समजा ०/७ असं दिसतंय, तर सात द्यायचे आणि हात आवरायचा. जीव लावायचा म्हणून जास्त घातलं तर वजन वाढतं. चंदीचंही तसंच, ओट्ससमोरचा आकडा बघून द्यायची. चहा उकळेपर्यंत एवढं होतं.

पण यातल्या प्रत्येक कामाला घोड्याच्या घड्याळातला वेळ जातो, आणि तिथेच नवीन माणूस फसतो. पहिले तीन आठवडे मी सकाळी उठून आधी जंगलात रपेट मारायचे, मग डोंगरात, मग ट्रेनिंग. वैरणीची आठवण येईपर्यंत जास्वंदचा दिवस संपलेला असायचा. तब्येत रोज थोडी घसरत गेली आणि मला कारण कळेना. एका संध्याकाळी वहीत सगळी कामं वेळेसकट लिहून काढली, तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून खाणं-पिणं-खरारा यांचा वेळ आधी बाजूला काढते, उरलेल्यात काम. आणि रात्री न चुकता झोपवते, म्हणजे सकाळी एनर्जी भरलेली मिळते. हर्षूलाही एक वही करून द्या. मुलांना आवडतं.

हात फारच आखडला असेल तर स्पर्धांची फी भरू नका. दोन वर्षांपुढच्या घोड्याला मिशनवर पाठवा. सेंटर जंगलात असेल तर लाकूड, डोंगरात असेल तर लोखंड आणि किनाऱ्यावर असेल तर वाळू वाहायची कामं असतात. थोडे का होईना, इक्वस रोज येतात. लीदही टाकून देऊ नका. ती विकली जाते, शेताला खत म्हणून तिला गिऱ्हाईक असतं.

खोगीर

तापीकाठ ताईंशी सहमत, एकच भर घालतो. मी पशुवैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे ब्रीडिंगबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. अडीच वर्षांची घोडी गेममध्ये गाभण करता येते, म्हणून नवीन लोक लगेच शिंगरांची रांग लावतात. कृपया थांबा. ब्रीडिंगसाठी घोडा किती चांगला, ते सांगणारा ब्लप नावाचा आकडा उणे १०० पासून १०० पर्यंत जातो. तो पूर्ण शंभरवर न्यायला वय दहा वर्षं, ट्रेनिंग पूर्ण आणि २० स्पर्धा जिंकलेल्या लागतात. आई-बापांचा ब्लप जेवढा चांगला, तेवढं शिंगरू वरचढ निघतं. दहा वर्षं म्हणजे ६० दिवस. तेवढे दिवस एकाच घोडीवर घालवा.

गेममधलं गाभणपण अकरा महिन्यांचं आहे, खऱ्या घोडीचंही साधारण तेवढंच असतं. हर्षूला हे जरूर सांगा.

सेंटरची मुदत मात्र आधी भरा. हा गेम मूळचा फ्रेंच, २००५ मध्ये तिकडे इक्विडिओ नावाने सुरू झाला. फ्रान्समध्ये मुलं घोडेस्वारी शिकतात ती क्लबात, घोडे तिथेच असतात. गेमची रचनाही त्यावरच आहे. सेंटरबाहेर राहिलेल्या घोड्याकडून फारसं काही करून घेता येत नाही.

हर्षूचे_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड काढलं. काल रात्री दोघं वही घेऊन बसलो. सात घोडे विक्रीला लावले. त्यांच्या नावांची यादी तिने शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. एक पाच वर्षांची घोडी ठेवली, तिचे स्टॅमिना, ड्रेसाज आणि जंपिंग ठळक आहेत. दुसरं एक शिंगरू, चार महिन्यांचं. ते विकायला ती तयारच नाही. चालेल का?

तापीकाठ

चालेल की! ठेवू द्या. परवापर्यंत आठ महिन्यांचं होईल, मग खेळवता येईल. घोडीला क्रॉस-कंट्रीत, म्हणजे रानातल्या अडथळ्यांच्या शर्यतीत, उतरवा, तिचे तिन्ही गुण त्याच स्पर्धेचे आहेत. आधी साधं खोगीर आणि लगाम घ्या, भारीतलं आत्ता नको. यादीतून सगळ्यात सोप्या स्पर्धा निवडा. आणि शिंगराचं नाव काय ठेवलंय, ते हर्षूला विचारून इथे लिहा.